नागपुरात निमखाऱ्या पाण्याचं मत्स्यालय: खाडीतले मासे ओळखा, निवडा आणि जगवा

नागपूरच्या मत्स्यालयाच्या दुकानांत गोल्डफिश, गप्पी आणि एंजलच्या रांगेत अधूनमधून वेगळे पाहुणे दिसतात. चपटा, जवळपास गोल, अंगभर ठिपके असलेला स्कॅट. डोळ्यावरून काळा पट्टा गेलेला चंदेरी मोनो. हिरव्या-पिवळ्या पाठीवर काळे ठिपके घेऊन डोळे फिरवत बसलेला पफर. आणि ‘शार्क’ या नावाने विकला जाणारा मिशाळ मासा, ज्याच्या काळसर परांना पांढरी कड असते.

हे चारही मासे खाडीतले. दुकानात ते साध्या पाण्यात पोहताना दिसतात. विचारलंत तर उत्तर ठरलेलं असतं, "घेऊन जा भाऊ, गोड्या पाण्यात मस्त राह्यते." काही महिने राहतोही. मग रंग काळवंडतो, खाणं सुटतं, पर झडू लागतात, अंगावर पांढरे चट्टे येतात आणि एका सकाळी मासा तळाशी आडवा दिसतो. घरात निष्कर्ष निघतो की नागपूरचं पाणी माशांना मानवत नाही. पण पेंच-कन्हानचं पाणी वाईट नाही. या माशांना त्यात मीठ हवं असतं, आणि वय वाढेल तसं जास्त हवं असतं. एवढी एक गोष्ट विक्रेता आणि ग्राहक दोघांनाही कळली तरी कितीतरी मासे वाचतील, म्हणून हा लेख पहिल्यांदा टाकी लावणाऱ्यांसाठी सविस्तर लिहितो आहे.

आधी खाडी म्हणजे काय ते बघा

समुद्र लांब असला तरी नागपूरचं पाणी खाडीपर्यंत पोहोचतंच. नाग नदी कन्हानच्या खोऱ्यातली, कन्हान वैनगंगेला मिळते, वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते, आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला भेटते. त्या मुखाशी काकिनाड्याजवळ कोरिंगाची कांदळवनं आहेत. तिथल्या पाण्याला एक ठरलेली चव नाही. भरतीला खारं, ओहोटीला मचूळ, पावसाळ्यात पूर आला की जवळजवळ गोडं.

समुद्राच्या १ लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, नदीच्या पाण्यात साधारण अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी. या दोन टोकांच्या मधलं सगळं पाणी निमखारं. म्हणजे ‘निमखारं’ हा एकच आकडा नाही, मोठा पट्टा आहे. नवख्या माणसाची पहिली गफलत इथेच होते. ‘थोडं मीठ टाकलंय’ म्हणजे किती, हे मोजल्याशिवाय काहीच कळत नाही.

विदर्भातल्या वाचकाच्या मनात लगेच खारपाणपट्टा येईल. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खोऱ्यातलं विहिरींचं पाणी खारं असतं हे खरं. पण ते मीठ जमिनीतलं आहे, आणि त्यातल्या क्षारांचं प्रमाण समुद्राच्या पाण्यासारखं नसतं. जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यात अनेकदा पोटॅशियम फार कमी पडतं. हरियाणात अशा पाण्यावर कोळंबी वाढवणारे शेतकरी त्यात पोटॅश घालतात ते त्यामुळेच. लोणारचं पाणी तर इतकं अल्कधर्मी की बहुतेक मासे त्यात तगत नाहीत. तेव्हा खारट बोअरचं पाणी आणून टाकीत ओतलं की खाडी तयार झाली, असं होत नाही.

माशाच्या शरीरात काय चालतं ते थोडक्यात सांगतो. गोड्या पाण्यात माशाच्या रक्तातले क्षार बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त, म्हणून पाणी कल्ल्यांतून आत शिरत राहतं आणि मूत्रपिंडं ते सतत बाहेर टाकतात. समुद्रात उलट: शरीरातलं पाणी बाहेर ओढलं जातं, म्हणून मासा पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर फेकतो. खाडीतल्या माशाला दोन्ही कामं येतात, तो गरजेप्रमाणे एकावरून दुसऱ्यावर जातो. पण कायम गोड्या पाण्यात ठेवलं तर त्याची बरीच शक्ती याच कामात जाते आणि आजाराशी लढायला उरत नाही. तो लगेच मरत नाही तो यामुळे, आणि शेवटी मरतो तोही यामुळेच.

मीठ कमी झालं तर खाडीचं काय होतं, हे ओडिशाच्या चिल्का सरोवराने दाखवून दिलं. गाळामुळे समुद्राकडचं तोंड आखडलं, खारेपणा घटला, पाणवनस्पती माजल्या, मासळी घसरली. सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवं तोंड कापलं, खारं पाणी परत आत आलं आणि मासळीचं उत्पादन पुन्हा चढलं. आपल्या काचेच्या टाकीत समुद्राचं तोंड आपणच आहोत.

पायरी १: टाकी घेण्याआधी मासा ठरवा

खाडीत तीन तऱ्हेचे मासे भेटतात. काही जन्मभर तिथेच राहतात: काळुंदर, चिखलातल्या निवट्या, छोटे गोबी. काही फक्त ये-जा करतात. पाला म्हणजे हिलसा समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत चढतो. गोदावरीत चढलेल्या याच माशाला आंध्रात पुलसा म्हणतात आणि पावसाळ्यात त्यासाठी झुंबड उडते. तिसरे ते, ज्यांचं बालपण खाडीत जातं आणि मोठेपण समुद्राच्या बाजूला. बोय, तांबोशी, स्कॅट, मोनो हे तिसऱ्या गटातले.

हा तिसरा गट नीट लक्षात घ्या. दुकानात दिसणारं दोन इंची स्कॅटचं पिल्लू कमी खाऱ्या पाण्यात खरंच आनंदात असतं. विक्रेता खोटं बोलत नसतो, त्याने फक्त पिल्लूच पाहिलेलं असतं. ते वाढतं तसं त्याला अधिक खारं पाणी लागतं, आणि मोठेपणी जवळजवळ समुद्राइतकं.

आता एकेक मासा. सगळे सांगत नाही, नागपुरात मिळू शकतात किंवा मागवता येतात तेवढेच.

मॉली. सुरुवात हिच्यापासून करा. काळी मॉली नागपुरातल्या जवळपास प्रत्येक दुकानात असते आणि लोक तिला गोड्या पाण्याची समजतात. मूळची मध्य अमेरिकेकडची ही मासळी कठीण पाण्यात, मीठ असलेल्या पाण्यात खुलते. मऊ पाण्यात ती जागच्या जागी थरथरत राहते; थोडं समुद्री मीठ मिळालं की अनेकदा थरथर थांबते. सवय हळूहळू लावली तर मॉली थेट समुद्राच्या पाण्यातही जगते. पिल्लं देते, शेवाळ खाते, चुका पोटात घालते. टाकी तयार होते आहे की नाही, हे बघायला याहून चांगला सोबती नाही.

ऑरेंज क्रोमाइड. माझ्या मते भारतीय माणसाच्या पहिल्या निमखाऱ्या टाकीचा खरा मानकरी हाच. आपल्या दक्षिण किनाऱ्यावरचा, केरळात पल्लत्ती म्हणतात तो. आठेक सेंटिमीटरच्या पुढे सहसा जात नाही, रंग केशरी-पिवळा, बाजूवर काळा ठिपका. जोडी जमली की नर-मादी दोघं मिळून अंड्यांवर पहारा देतात, आणि पिल्लं आईबापाच्या अंगावरचा चिकट स्राव टिपून खातात. हे दृश्य घरात बघायला मिळणं म्हणजे मोठी गोष्ट आहे. पाच-सहाचा गट आणा, जोड्या त्यांच्या त्यांना जमवू द्या.

काळुंदर. वरच्या माशाचा थोरला भाऊ. सिंधुदुर्ग-गोव्यात काळुंदर, केरळात करीमीन. २०१० मध्ये केरळाने त्याला राज्यमासा केलं. ताटातला मासा म्हणून त्याची ख्याती असली तरी टाकीतही तो देखणा दिसतो: हिरवट अंगावर मोत्यासारखे ठिपके. पण २० सेंटिमीटर सहज होतो, त्यामुळे चार फुटांपेक्षा लहान टाकीत नको. निसर्गात ऑरेंज क्रोमाइड त्याच्या अंगावरचे परजीवी टिपतो हे अभ्यासकांनी नोंदवलं आहे, म्हणून मोठी टाकी असेल तर हे दोघं एकत्र ठेवून बघाच.

बंबलबी गोबी. जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा. लहान टाकीसाठी गोंडस मासा, पण कोरडं खाद्य बहुधा नाकारतो. जिवंत किंवा फ्रोझन आर्टेमिया, डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव) देण्याची तयारी असेल तरच आणा, नाहीतर डोळ्यांदेखत उपाशी मरतो. त्याच्यासोबत चपळ मासे ठेवू नका, ते सगळं आधी फस्त करतात.

पफर. हुशार मासा. मालक जवळ आला की ओळखून काचेशी येतो. त्याची मागणी तीन गोष्टींची. एक, दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून कवचाचं खाद्य लागतं, गोगलगायी सगळ्यात उत्तम. दोन, तो दुसऱ्या माशांचे पर कुरतडतो, म्हणून एकटाच ठेवा. तीन, जाळीने हवेत उचलू नका. भेदरून हवा गिळली तर ती बाहेर काढणं त्याला जड जातं. भांडं पाण्यात बुडवून पाण्यासकट उचला. हिरव्या ठिपक्यांचा पफर पंधरा सेंटिमीटरपर्यंत जातो आणि वाढत्या वयात बरंच खारं पाणी मागतो. पाठीवर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी खूण असलेला पफर लहान राहतो आणि कमी मिठावर भागवतो, नवख्याने तोच घ्यावा. पफरांच्या अंगात टेट्रोडोटॉक्सिन नावाचं जीवघेणं विष असतं, म्हणून मेलेला पफर मांजरापुढे टाकू नका.

आर्चर. पाण्याबाहेर पानावर बसलेल्या किड्यावर तोंडातून पाण्याची पिचकारी मारून त्याला खाली पाडणारा मासा. पाण्यातून बाहेर बघताना वस्तू असते तिथे दिसत नाही, प्रकाश वाकतो. आर्चर ती चूक हिशेबात धरून नेम साधतो. यासाठी पाण्याची पातळी काचेच्या काठापासून वीतभर खाली ठेवावी लागते, आणि झाकण घट्ट. टाकी मोठी लागते. पहिल्या वर्षी नको, दुसऱ्या वर्षी जरूर.

स्कॅट आणि मोनो यांना कळपात राहायला आवडतं. एकटा मोनो भेदरतो, अन्न टाकतो. दोघंही २० सेंटिमीटरच्या वर जातात आणि सहा फुटी टाकी मागतात. स्कॅट टाकीतली प्रत्येक वनस्पती खातो, आणि त्याच्या पाठीच्या काट्यांत सौम्य विष असतं, टोचलं तर हात बराच वेळ ठणकतो. ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा मासा शार्क नाहीच, समुद्री शिंगाळ्याच्या कुळातला आहे, फूटभर होतो, काटा त्याचाही विषारी. घरची टाकी सहा फुटी नसेल तर हे तिन्ही दुकानातच राहू द्या.

निवटी म्हणजे मडस्किपर मनाला फार भुरळ घालते. ठाणे खाडीच्या चिखलावर परांच्या आधाराने चालताना तिला पाहिलं की घरी आणावीशी वाटते. पण तिला पाणी आणि ओली जमीन दोन्ही लागतात, आणि ती ओल्या त्वचेतूनही श्वास घेते. नागपूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत तिची कातडी ओली ठेवणं फार अवघड. नवख्याने या वाटेला जाऊ नये.

जिताडा टाकीचा मासा नाही, पण खाडीच्या माशांची गोष्ट त्याच्याशिवाय अपुरी राहील. रायगडच्या खाजणांत आणि शेततळ्यांत पोसला जाणारा हा मासा मीटरभर लांब होतो. आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. त्याच्या पिल्लांचा मोह पडला तरी घरी आणू नका, सोबतचे सगळे मासे तो गिळतो.

पायरी २: टाकी आणि जागा

पहिल्या टाकीसाठी ३ फूट लांब, १ फूट रुंद, दीड फूट उंच हे माप घ्या. गणिताने १२७ लिटर होतात. रेती आणि वरची मोकळी जागा वजा जाता सव्वाशेच्या ऐवजी १०५-११० लिटर धरा. यात मॉलींचा छोटा गट आणि पाच-सहा ऑरेंज क्रोमाइड सुखाने राहतात.

लोखंडी अँगलचं स्टँड सर्रास मिळतं, पण खारं पाणी उडून लोखंड गंजतं. चांगला रंग मारलेलं घ्या किंवा लाकडी, आणि झाकणाला धातूच्या बिजागऱ्या टाळा. प्रत्येक वायर प्लगपर्यंत जाण्याआधी खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकेल. खारं पाणी वीज फार चांगली वाहून नेतं, तेव्हा ईएलसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेल्या लाइनवरच टाकी चालवा.

पश्चिमेच्या खिडकीपासून टाकी दूर हवी. नागपुरात दुपारचं ऊन तिथून शिरलं की पाणी तापतं आणि शेवाळ धरतं.

तळाला बहुतेक जण कन्हानची रेती घालतात. बांधकामाला ती नामी आहे, टाकीतही चालते, पण तिच्यात चुना जवळजवळ नसल्यामुळे पाण्याचा पीएच (पाणी आम्ल की अल्क हे सांगणारा आकडा) सांभाळला जात नाही. खाडीच्या माशांना ७.८ ते ८.४ पीएच मानवतो. म्हणून रेतीत कुटलेले शिंपले किंवा प्रवाळाचा चुरा मिसळा, किंवा तो जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवा. एखाद्या दगडात चुना आहे की नाही हे बघायचं असेल तर त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. फसफसला तर आहे.

वनस्पती मोजक्याच. जावा फर्न आणि अनुबियास कमी खाऱ्या पाण्यात तग धरतात, बाकी बहुतेक कुजतात. दगड, वाळलेली मुळं आणि लपायला फुटकी मडकी एवढ्याने टाकी खाडीसारखी दिसते.

पायरी ३: मीठ

स्वयंपाकघरातलं मीठ नको, खडे मीठही नको. ते नुसतं सोडियम क्लोराइड. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि पीएच धरून ठेवणारे घटक नसतात. दुकानात ‘मरीन सॉल्ट’ मागा, म्हणजे समुद्री टाकीसाठी बनवलेलं मिश्रण. इथे पैसे वाचवायला जाऊ नका.

खारेपणा मोजायला हायड्रोमीटर स्वस्त पडतो, रिफ्रॅक्टोमीटर भरवशाचा. रिफ्रॅक्टोमीटर घेतलात तर अधूनमधून शुद्ध पाण्याचा थेंब टाकून शून्य जुळवून घ्या. वाचन विशिष्ट गुरुत्वात येतं, म्हणजे शुद्ध पाण्याच्या तुलनेत हे पाणी किती जड. साधं पाणी १.०००, समुद्र १.०२६ च्या आसपास. मॉली, क्रोमाइड, बंबलबी गोबी आणि लहान पफर यांच्यासाठी १.००५ धरा. त्यासाठी लिटरमागे साधारण ७ ते ९ ग्रॅम मिश्रण लागतं, म्हणजे वर सांगितलेल्या टाकीला पाऊण ते एक किलो. मोठ्या होत चाललेल्या स्कॅट-मोनोला १.०१० आणि पुढे.

महापालिकेच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. पाणी बादलीत भरून त्यात एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) लावून दिवसभर ठेवा किंवा दुकानात मिळणारं क्लोरीन मारणारं द्रावण वापरा. आरओचं पाणी इथे लागत नाही. पाण्यातला कठीणपणा या माशांच्या फायद्याचाच आहे.

मीठ नेहमी वेगळ्या बादलीत विरघळवून, मोजून, मगच टाकीत. मासे असलेल्या टाकीत कोरडं मीठ टाकलं तर न विरघळलेले कण त्यांच्या कल्ल्यांना आणि कातडीला भाजतात.

पायरी ४: महिना-दीड महिना वाट बघणं

नवखा माणूस इथेच सगळ्यात घाई करतो. माशाच्या विष्ठेतून अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. त्याआधी मासे सोडले तर ते स्वतःच्याच विष्ठेत गुदमरतात.

निमखाऱ्या टाकीत हे दुप्पट महत्त्वाचं आहे. पीएच आणि तापमान वाढलं की पाण्यातल्या अमोनियाचा अधिक भाग विषारी रूपात जातो, आणि आपल्याकडे दोन्ही चढे: पीएच ८ च्या आसपास आणि वर नागपूरचा उन्हाळा. गोड्या टाकीत खपून जाणारा अमोनिया इथे जीव घेतो.

करायचं असं: १.००५ वर पाणी तयार करून फिल्टर चालू करा, रोज चिमूटभर खाद्य टाका जणू मासे आहेतच, आणि अमोनिया व नायट्राइटच्या टेस्ट किटने आठवड्यातून दोनदा तपासा. दोन्ही आधी चढतील, मग उतरतील. दोन्ही शून्यावर टिकले की टाकी तयार. एखाद्याकडे आधीची चालती निमखारी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरचा थोडा स्पंज मागून घ्या, बरेच दिवस वाचतात. गोड्या टाकीतला स्पंज असेल तर आधी साध्या पाण्यात वस्ती बसू द्या आणि मीठ दर आठवड्याला ०.००१ ते ०.००२ ने वाढवा. एकदम खारं पाणी मिळालं तर जिवाणूंची वस्ती कोलमडते.

पायरी ५: मासे आणणं

चेन्नईचं कोलातूर, कोलकात्याचा गॅलिफ स्ट्रीट आणि मुंबईचं कुर्ला ही शोभेच्या माशांची मोठी ठिकाणं. लांबच्या प्रवासाहून आलेला मासा थकलेला असतो, त्यामुळे दुकानात माल उतरला त्याच दिवशी घेऊ नका. आठवडाभर थांबा आणि मग जो खातो आहे तोच उचला. दुकानदाराला समोरच खाद्य टाकायला सांगा. "दादा, हा मासा किती खाऱ्या पाण्यात ठेवलाय?" हे विचारायला संकोच करू नका. शक्य असेल तर हायड्रोमीटर सोबत न्या.

दुकानातलं पाणी गोडं आणि तुमचं १.००५ असेल तर पिशवी थेट टाकीत ओतायची नाही. पिशवीतलं पाणी माशासकट बादलीत घ्या, टाकीतून एअर लाइनची नळी सोडून तिला गाठ मारा आणि थेंब थेंब पाणी बादलीत पडू द्या. दोन-तीन तासांत बादलीतलं पाणी तिप्पट झालं की मासा हळूच टाकीत सोडा, बादलीतलं पाणी फेकून द्या. याहून जास्त फरक असेल तर आधी टाकीच १.००२-१.००३ वर उतरवून ठेवा आणि पुढच्या काही आठवड्यांत वर न्या. क्रम असा: आधी मॉली, दोन आठवडे तपासण्या चांगल्या आल्या की क्रोमाइड. सगळे एकाच दिवशी कधीच नाही.

नागपूरचा उन्हाळा, पावसाळा, हिवाळा

२३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. एवढं दरवर्षी होत नसलं तरी ४५ अंश नवीन नाहीत. पाणी ३२-३३ अंशांच्या वर गेलं की धोका, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि खाऱ्या पाण्यात त्याहूनही कमी.

पण आपल्या मे महिन्याची हवा कोरडी असते आणि त्याचा फायदा घेता येतो. झाकणाचा काही भाग जाळीने बदलून पाण्याच्या पृष्ठावरून छोटा पंखा फिरवला तर बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी सहज उतरतं. टाकी असलेल्या खोलीत कूलर चालू असेल तर आणखी बरं. मात्र पाणी भराभर आटतं, आणि इथे एक नियम पक्का हवा: पाणी उडतं, मीठ उडत नाही. आटलेलं पाणी नेहमी गोड्या, क्लोरीन काढलेल्या पाण्यानेच भरा. खाऱ्या पाण्याने भरत गेलात तर पंधरवड्यात टाकी कुठल्या कुठे जाते. काचेवर पातळीची खूण म्हणून टेप चिकटवा आणि मे महिन्यात रोज सकाळी तिथपर्यंत पाणी भरा.

वीज जाण्याची तयारी म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या. पंखा बंद पडला तरी मासे काही तास काढतात, हवा तेवढा वेळ बंद राहिली तर नाही.

पावसाळ्यात धोका वेगळा. डासांसाठी होणाऱ्या धूरफवारणीत आणि घरच्या उदबत्त्या-द्रावणांत पायरेथ्रॉइड गटातली औषधं असतात, आणि ती माशांना फार घातक आहेत. फवारणीची गाडी आली की खिडक्या बंद करा, टाकीवर ओलं कापड टाका आणि वास ओसरेपर्यंत एअर पंप बंद ठेवा, कारण तो खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो. टाकीच्या खोलीत मच्छर मारायचं यंत्र लावूच नका, जाळी लावा.

डिसेंबर-जानेवारीत नागपूरची रात्र १० अंशांच्या खालीही उतरते. १०० लिटरला १००-१५० वॅटचा हीटर लावून पाणी २५-२६ अंशांवर ठेवा. क्रोमाइड थंडीत लगेच सुस्तावतात.

दर आठवड्याचं काम

पाव टाकी पाणी बदला. आपल्या मापाच्या टाकीला सुमारे २५ लिटर, म्हणजे २०० ग्रॅमच्या आसपास मीठ, आदल्या रात्री बादलीत विरघळवून ठेवलेलं. तळाची घाण सायफनने ओढा. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाखाली धुतलात तर क्लोरीनने जिवाणू मरतात आणि चौथी पायरी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. खारेपणा आणि पीएच मोजून वहीत लिहा. मासा आजारी पडला की औषधाच्या बाटलीकडे हात जाण्याआधी ही वही उघडा, कारण बहुतेक वेळा बिघाड तिथेच दिसतो.

खाणं दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. क्रोमाइडना हिरवं लागतं: उकडलेला मटार, पालकाचं पान, स्पिरुलिनाचं खाद्य. पफरसाठी तळ्यातून आणलेल्या गोगलगायी आधी वेगळ्या भांड्यात काही आठवडे ठेवा, म्हणजे परजीवी टाकीत शिरणार नाहीत.

काढलेलं खारं पाणी कुंड्यांना घालायचं नाही. संत्र्याचं कलम असो की तुळस, मीठ मातीत साचून झाड वाळतं. ते पाणी मोरीतच जाऊ द्या. आणि मासे नकोसे झाले, जास्त झाले किंवा घर बदलायचं झालं तरी त्यांना अंबाझरीत, फुटाळ्यात किंवा गोरेवाड्यात सोडू नका. मॉलीसारखा परदेशी मासा तिथे टिकला तर इथल्या माशांच्या तोंडचं खातो, आणि स्कॅटसारखा खाडीचा मासा गोड्या पाण्यात कुढत मरतो. दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला. माशांच्या आजाराबद्दल नेमका सल्ला हवा असेल तर नागपुरातच महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, तिथे जाऊन विचारा. जाताना पाण्याचा नमुना आणि तुमची वही सोबत न्या.